कांचेचे प्राणी आणि विजेचें बिल

कुटुंबाच्या नाशावर लिहिलेलें नाटक पाहून प्रेक्षक घरीं परततो, तेव्हां त्याच्या मनांत बहुधा एक निवाडा तयार झालेला असतो. कोणी व्यसनाला दोष देतो, कोणी रूढीला, कोणी समाजाच्या रचनेला. निवाडा देतां आला म्हणजे मनाला एक प्रकारचें समाधान लाभतें. अनर्थ झाला खरा, पण तो कशानें झाला हें तरी कळलें, असें वाटतें. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ (१९१९) या नाटकांत तर अनर्थाचें कारण नांवांतच सांगितलेलें आहे. परंतु कांहीं नाटकें अशीं असतात कीं, त्यांतील घर आपल्या डोळ्यांदेखत मोडतें आणि तरीहि मोडणारा हात कोणाचा, हें चटकन् सांगतां येत नाहीं. टेनेसी विल्यम्स या अमेरिकन नाटककाराचें ‘दि ग्लास मिनॅजरी’, म्हणजे कांचेच्या प्राण्यांचा संग्रह, हें नाटक या दुसऱ्या जातीचें आहे. प्रस्तुत लेखांत आम्हांस त्याचाच विचार करावयाचा आहे.

हें नाटक २६ डिसेंबर १९४४ रोजीं शिकागो येथें प्रथम रंगभूमीवर आलें. आरंभीं प्रेक्षकांची गर्दी बेताचीच होती. परंतु क्लॉडिया कॅसिडी व ॲश्टन स्टीव्हन्स या तेथील टीकाकारांनीं त्याची बाजू इतक्या कळकळीनें उचलून धरली कीं, नाटकगृह हळूहळू भरूं लागलें. पुढें ३१ मार्च १९४५ रोजीं तें न्यूयॉर्कमध्यें आलें. तेथील नाट्यटीकाकारांच्या मंडळाचें पारितोषिक त्यास मिळालें आणि तेथें त्याचे ५६३ प्रयोग झाले. आईच्या भूमिकेंतील लॉरेट टेलर या नटीचें काम अमेरिकन रंगभूमीच्या इतिहासांत आजहि आदरानें उल्लेखिलें जातें. या गोष्टीला ऐंशी वर्षें लोटलीं, आणि एवढ्या अवधींत या नाटकाविषयीं एक ठराविक मत रूढ होऊन बसलें आहे. तें असें कीं, कांचेचे प्राणी हें लॉरा नांवाच्या दुबळ्या मुलीचें प्रतीक आहे. ती कांचेप्रमाणें सुंदर, कांचेप्रमाणें नाजूक, आणि कांचेप्रमाणेंच ती फुटते.

हें मत खोटें आहे असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु तेवढ्यावर थांबणें म्हणजे नाटककारानें सहज दिसेल अशा जागीं ठेवलेली वस्तु उचलून परत फिरण्यासारखें आहे. आम्हांस असें वाटतें कीं, या नाटकांतील प्रतीकें हीं नाटककारानें वरून जडविलेलीं भूषणें नव्हेत. तीं नाटकांतीलच एका अपराधी माणसाच्या स्मृतींतून उत्पन्न झालेलीं आहेत. आणि जिवंत माणसाच्या जागीं प्रतीक पाहण्याची ही जी खोड, तीच या कुटुंबाच्या अपयशाचें मूळ आहे.

कथानक अगदीं लहान आहे. १९३० नंतरच्या मंदीच्या दशकांत सेंट लुइस शहरांतील एका दाट वस्तीच्या इमारतींत विंगफील्ड कुटुंब राहत असतें. बाप टेलिफोन कंपनींत नोकरीस होता; तो पुष्कळ वर्षांपूर्वीं घर सोडून निघून गेला. मेक्सिकोहून त्याचें एक कार्ड आलें, त्यावर भेटीचा एक आणि निरोपाचा एक असे दोनच शब्द होते व पत्ता नव्हता. आई अमांडा दक्षिणेकडील सुखवस्तु घराण्यांत वाढलेली. मुलगी लॉरा पायानें किंचित् अधू व कमालीची भिडस्त. मुलगा टॉम जोड्यांच्या वखारींत दरमहा पासष्ट डॉलरांवर राबतो, रात्रीं चित्रपट पाहावयास जातो आणि चोरून कविता लिहितो. लॉरेला टाइपरायटिंगच्या वर्गांत घातलें होतें. परंतु तेथील पहिल्याच परीक्षेंत ती भीतीनें आजारी झाली आणि पुढें कित्येक दिवस वर्गास जाण्याच्या मिषानें बागेंतून व प्राणिसंग्रहालयांतून भटकत राहिली. पन्नास डॉलरांची फी बुडाली, तेव्हां आईनें लग्नाचा विचार धरला. तिच्या आग्रहावरून टॉम वखारींतील जिम नांवाच्या सोबत्यास एके रात्रीं जेवावयास घेऊन येतो. आपल्याकडील वाचकांस येथें मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमाची आठवण होईल. मात्र दोहोंत एक मोठा भेद आहे. आपल्याकडे पाहावयास येणाऱ्याला आपण कशासाठीं आलों हें ठाऊक असतें. बिचाऱ्या जिमला तें ठाऊक नाहीं, आणि त्याचें लग्न दुसऱ्या मुलीशीं ठरलेलें आहे, हें टॉमला ठाऊक नाहीं. जिम येतो, थोडा वेळ लॉरेशीं बोलतो व निघून जातो. त्यानंतर आई व मुलगा यांचें कडाक्याचें भांडण होतें, आणि अल्पावधींतच टॉमहि बापाच्या वाटेनें चालूं लागतो. घडतें तें एवढेंच.

आतां हें सर्व आपल्याला सांगतो कोण? संस्कृत नाटकांतील सूत्रधार प्रस्तावना संपतांच निघून जातो. पुढील कथेंतील सुखदुःखाशीं त्याचा संबंध नसतो, म्हणून त्याच्या शब्दावर विश्वास ठेवण्यास प्रेक्षकाला अडचण पडत नाहीं. येथील सूत्रधार टॉम स्वतःच आहे. खलाशाच्या वेषांत तो पुढें येतो आणि हें नाटक आठवणींचें आहे, म्हणून त्यांत प्रकाश मंद आहे व मागें संगीत वाजत आहे, अशा अर्थाचें कांहीं सांगून तो आपल्याच गतायुष्यांत शिरतो. पारदर्शक पडद्यापलीकडे घर दिसूं लागतें. एकच करुण सूर मधून मधून कानीं येतो. न्यूयॉर्कच्या प्रयोगांत जो मील्झिनर यानें योजिलेलें नेपथ्य व पॉल बोल्स याचें संगीत यांनीं हा परिणाम साधला होता. प्रेक्षक या मंद प्रकाशानें मोहून जातो. त्यास तें काव्य वाटतें, आणि तें आहेहि. परंतु साक्ष देणारा आणि घर सोडून पळालेला हे दोघे एकच आहेत, ही गोष्ट त्या काव्याच्या भरांत विसरली जाते. घर मोडून गेलेल्या माणसाला त्या घराची आठवण कोणत्या रूपांत सोसवेल, असा प्रश्न आपण स्वतःला विचारला, म्हणजे या नाटकांतील कांचेचा अर्थ निराळा दिसूं लागतो.

कांच बोलत नाहीं, कांचेला भूक लागत नाहीं, कांचेचें वय वाढत नाहीं. मागें टाकलेली बहीण खरी कशी जगली असेल, तिच्या औषधपाण्याचें काय झालें असेल, आईमागें तिला कोणीं पोसलें असेल, हे प्रश्न जिवंत बहिणीविषयीं विचारावे लागतात. कांचेच्या बहिणीविषयीं विचारावे लागत नाहींत. टॉमला पुढील आयुष्यांत दुकानाच्या खिडकींतील रंगीत अत्तराच्या कुप्या पाहूनहि लॉरा आठवते. ही आठवण किती हृद्य आहे हें आम्ही जाणतों. परंतु त्या हृद्यतेच्या आड एक बचाव लपलेला आहे, हेंहि सांगितलें पाहिजे.

आणि हा दोष एकट्या टॉमचा नाहीं. अमांडाला लॉरा कधींच दिसत नाहीं. लॉरेच्या जागीं तिला स्वतःचें तारुण्य दिसतें. एका रविवारीं आपल्या दारीं सतरा तरुण भेटीस आले होते, ही कथा ती पुनःपुनः सांगते. लॉरेच्या अधूपणाचा उच्चारहि ती घरांत होऊं देत नाहीं. पाहुणा यावयाच्या दिवशीं ती मुलीला सजविते, आणि नंतर आपला जुना पोषाख पेटींतून काढून स्वतःच अंगावर चढविते! भिंतीवर बापाची हंसरी तसबीर टांगलेली आहे. ज्या माणसानें घर टाकलें त्याचें हास्य घरानें टाकलेलें नाहीं. त्या तसबिरीखालीं टॉमला बाप दिसत नाहीं, सुटकेचा मार्ग दिसतो. आणि अमांडाला टॉम दिसत नाहीं, त्या बापाचीच दुसरी आवृत्ति दिसते. तिची ही भीति अखेर खरी ठरते हें निराळें. असें हें तिघांचें कुटुंब. तिघांचें परस्परांवर प्रेम नाहीं असें कोण म्हणेल? पण प्रत्येकाचें प्रेम दुसऱ्याच्या जागीं कल्पिलेल्या एखाद्या मूर्तीवर आहे, आणि मूर्तीवर केलेलें प्रेम माणसापर्यंत पोंचत नाहीं.

या घराला पुढील दार असें नाहीं. आगीच्या वेळीं सुटका व्हावी म्हणून बांधलेल्या लोखंडी जिन्यावरूनच सर्वांना ये-जा करावी लागते. हेंहि प्रतीक आहे, हें सांगावयास टीकाकाराची गरज नाहीं. परंतु विल्यम्सचें सामर्थ्य त्या प्रतीकाच्या उपयोगांत आहे. टॉम त्या जिन्यावर उभा राहून सिगारेट ओढतो, चंद्र पाहतो, समोरच्या नृत्यगृहाचें संगीत ऐकतो आणि शेवटीं तो जिना उतरून कायमचा जातो. लॉरा त्याच जिन्यावरून लोणी आणावयास निघते आणि पाय घसरून पडते. जो जिना भावाची सुटका आहे तोच बहिणीचा अडथळा आहे. येथें प्रतीक हें माणसांमाणसांतील अंतर मोजण्याचें साधन झालें आहे; केवळ शोभेची वस्तु राहिलेलें नाहीं.

परंतु आमच्या मतें या नाटकांतील सर्वांत महत्त्वाची वस्तु ना कांचेचे प्राणी, ना तो जिना. ती वस्तु म्हणजे विजेचें बिल. पाहुण्याचें जेवण झालें न झालें तोंच घरांतील दिवे जातात. कारण साधें आहे. आईनें विजेचें बिल भरावयास दिलेले पैसे टॉमनें व्यापारी जहाजांवरील खलाशांच्या संघाची वर्गणी म्हणून भरून टाकले आहेत. पळून जाण्याची तयारी त्यानें घरच्या दिव्यांच्या पैशांनीं केली आहे. दिवे गेल्यावर मेणबत्त्या लावल्या जातात, आणि त्या मेणबत्त्यांच्या उजेडांत नाटकांतील सर्वांत सुंदर प्रवेश घडतो. वाचकांनीं येथें क्षणभर थांबावें. आठवणींच्या नाटकांत प्रकाश मंद असतो, असें सूत्रधारानें आरंभीं काव्यमय शब्दांत सांगितलें होतें. येथें कळतें कीं, प्रकाश मंद झाला तो सूत्रधारानें बिल भरलें नाहीं म्हणून! ज्या अंधुकपणाला आपण इतका वेळ काव्य समजत आलों, त्याची किंमत आई व बहीण यांनीं भरलेली आहे. नाटककारानें यावर एक शब्दहि भाष्य केलेलें नाहीं. एक व्यावहारिक, रुक्ष, कसलाहि ध्वनि नसलेला कागद त्यानें प्रतीकांच्या मधोमध ठेवून दिला, आणि त्या कागदानें सर्व प्रतीकांचा खरेपणा पारखला जातो.

मेणबत्त्यांच्या उजेडांतील त्या प्रवेशाकडे आतां वळूं. लॉरा शाळेंत असल्यापासून मनांतल्या मनांत ज्याला पूजीत आली, तो हाच जिम. शाळेंत तो सर्वांचा नायक. आज तोहि वखारींतच आहे, मात्र वक्तृत्वाचे व रेडिओविद्येचे धडे घेऊन पुढें येण्याचीं स्वप्नें पाहतो. शाळेंत असतां लॉरेनें आपला आजार सांगितला, तो त्यानें चुकीचा ऐकला, आणि त्या चुकींतून ‘निळे गुलाब’ असें तिचें नांव पडलें. तिला आयुष्यांत मिळालेलें एकुलतें एक लाडकें नांव, तेंहि ऐकण्याच्या चुकीनें मिळालेलें! पण याच जिमकडून तिच्यावर एक उपकार होतो. आपल्या पायांतील आधाराच्या पट्टीचा आवाज शाळेच्या जिन्यावर मेघगर्जनेसारखा होत असे, असें तिला वाटत आलेलें. तो सांगतो, मला तर तो कधीं ऐकूंहि आला नाहीं. जिम सामान्य बुद्धीचा, थोडा बढाईखोर, स्वतःवर खूष असा तरुण आहे. परंतु लॉरेला कांच न समजणारा या नाटकांतील तो एकटाच मनुष्य आहे. तो तिला नाचावयास उठवितो. नाचतांना मेजाला धक्का लागतो आणि तिचा आवडता एकशृंगी घोडा खालीं पडून त्याचें शिंग तुटतें.

येथें प्रत्येक प्रेक्षकाची अपेक्षा अशी असते कीं, आतां लॉरा रडेल. ती रडत नाहीं. शिंग गेलें तें एका परीनें बरेंच झालें, आतां इतर घोड्यांत त्याला परकें वाटणार नाहीं, अशा अर्थाचें कांहीं ती शांतपणें बोलते. पुढें जिमनें आपल्या ठरलेल्या लग्नाची हकीकत सांगितल्यावर तोच शिंगमोडका घोडा ती त्याच्या हातांत आठवण म्हणून ठेवते. इतक्या मोठ्या निराशेच्या क्षणीं ती आक्रोश करीत नाहीं, दोष देत नाहीं, ती देते. आम्ही वाचकांस विचारतों, हें कांचेचें वागणें आहे काय? नाटकांतील चार माणसांपैकीं, मोडलेली वस्तु मोडलेली म्हणून पाहण्याचें धैर्य लॉरा एकटी दाखविते. तिला नाजूक ठरविलें तें इतरांनीं, आणि तें त्यांच्या सोयीचें होतें.

यावर एक आक्षेप येण्यासारखा आहे, व तो विचारार्ह आहे. हें नाटक जर टॉमच्या आठवणींचें, तर लॉरा व जिम यांचा हा प्रवेश त्यांत आला कोठून? तो तर त्या वेळीं तेथें नव्हता. बिल न भरल्याची शिक्षा म्हणून आईनें त्यास स्वयंपाकघरांत भांडीं धुवावयास नेलें होतें. कांहीं जण यास रचनेंतील दोष मानतील. आम्हांस हा दोष वाटत नाहीं. उलट नाटकाचें मर्म येथेंच आहे असें वाटतें. जें टॉमनें पाहिलें तें त्यानें कांचेंतून पाहिलें. जें त्यानें पाहिलें नाहीं तें मात्र त्याला कल्पनेनें उभें करावें लागलें, आणि तें उभें करतांना आपल्या बहिणीच्या मनांत शिरावें लागलें. ज्या घरांत असतां त्याला हें कधीं साधलें नाहीं, तें घर सोडून गेल्यावर साधलें. स्मृति त्याला दोषमुक्त करूं पाहते. कल्पना त्याला ऋणाची जाणीव देते.

अमांडाविषयींहि न्याय्य बोललें पाहिजे. तिची बडबड, तिचा टोमणेखोरपणा, मुलांच्या घशाखालीं जाणाऱ्या घासावरहि असलेली तिची नजर, यांमुळें ती हास्यास्पद होते. पण मासिकांच्या वर्गणीदारांसाठीं टेलिफोनवरून घरोघर आर्जवें करणारी, नवऱ्यानें टाकलेला संसार मंदीच्या दिवसांत ओढीत नेणारी बाईहि तीच आहे. लॉरेचें पुढें काय, हा प्रश्न त्या घरांत एकट्या तिनेंच विचारला. उत्तर चुकीचें होतें, म्हणून प्रश्न चुकीचा ठरत नाहीं. शेवटच्या प्रवेशांत ती मुलीचें सांत्वन करतांना दिसते, परंतु तिचे शब्द ऐकूं येत नाहींत. बडबड थांबली आणि केवळ हालचाल उरली, म्हणजे त्या स्त्रीच्या ठायीं केवढें गांभीर्य होतें हें ध्यानांत येतें.

या नाटकांत दोष नाहींत असें नाहीं. छापील प्रतींत लेखकानें प्रत्येक प्रवेशासाठीं पडद्यावर चित्रें व अक्षरें दाखविण्याची योजना दिली आहे. न्यूयॉर्कच्या प्रयोगांत ती गाळली, हें योग्यच झालें. जें संवादांतून व हालचालींतून पोंचतें, तें पुनः अक्षरांनीं सांगणें म्हणजे रसिकावर अविश्वास दाखविणें होय. मेणबत्त्यांचें शामदान वीज पडून जळालेल्या देवळांतून आणलेलें असावें, हा तपशीलहि आम्हांस अति वाटतो. ज्या घरांत आधींच इतक्या वस्तु अर्थानें वांकल्या आहेत, तेथें आणखी एकीची भर कशाला? उलट १९५० सालच्या चित्रपटानें शेवटीं लॉरेच्या दारीं नव्या तरुणाची चाहूल दाखवून जी गोडी आणली, तिनें तर मूळ कृतीचा प्राणच घेतला. विल्यम्सला तो शेवट आवडला नव्हता, यांत नवल नाहीं.

लेखकाच्या चरित्राकडे आम्ही सहसा वळत नाहीं. परंतु येथें तें टाळतां येत नाहीं. विल्यम्सचें खरें नांव टॉमसच. सेंट लुइस येथें त्यानेंहि जोड्यांच्या कंपनींत काम केलें होतें. त्याचा बाप मात्र पळून गेलेला नव्हता. तो त्याच शहरांत जोड्यांच्या धंद्यांत नोकरी करीत होता. म्हणजे बापाला घरांतून घालविलें तें लेखणीनें, आणि तो नाहींसा झाल्यामुळें घराचा सर्व भार मुलावर येऊन पडला. त्याची वडील बहीण रोझ हिला मानसिक विकार जडला. १९४३ सालीं तिच्या मेंदूवर शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर तिला स्वतंत्र आयुष्य उरलें नाहीं. पुढच्याच वर्षीं हें नाटक रंगभूमीवर आलें. त्याच्या उत्पन्नाचा अर्धा वांटा विल्यम्सनें आईच्या नांवें करून दिला. बहिणीच्या देखभालीचा भार त्यानें आयुष्यभर वाहिला, आणि १९८३ सालीं तो वारला तेव्हां मृत्युपत्रांतहि तिची सोय केलेली होती. रोझ १९९६ पर्यंत जगली. टॉम विंगफील्डनें जें बिल भरलें नाहीं, तें टॉमस विल्यम्सनें भरीत राहण्याचा प्रयत्न केला, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं. तें पुरें फिटलें काय, हें विचारण्याचा अधिकार आम्हांस नाहीं.

नाटकाच्या शेवटीं टॉम बाहेर उभा असतो. आंत मेणबत्त्यांच्या उजेडांत आई व बहीण दिसत असतात. दिसतें सर्व, ऐकूं कांहींच येत नाहीं. ही मधली कांच कोणती? ती लॉरा नव्हे. ती टॉमची स्मृति आहे: पलीकडचें दाखविणारी, पण हात पोंचूं न देणारी. तो बहिणीला मेणबत्त्या विझविण्याची विनवणी करतो, कारण त्या जळत आहेत तोंवर त्याची सुटका नाहीं. लॉरा वांकते व त्या विझविते. भावानें घरांतील दिवे न विचारतां घालविले होते. बहीण शेवटचा उजेड त्याच्या मागणीवरून स्वतःच्या हातानें घालविते. जिमला तिनें मोडका घोडा दिला, भावाला तिनें हा अंधार दिला. त्या घरांत मागितलेलें देणारी तीच एक होती, आणि तिला काय हवें होतें हें कोणीं विचारल्याचें मात्र नाटकभर कोठेंहि आढळत नाहीं.